मोठ्या सिस्टरांचा राहिलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना रोलचा कॅमेरा आहे. माझं कौतुक पुष्कळ झालं, पण आज मी तुम्हाला माझी लाज सांगणार आहे.

मी नवा होतो तेव्हा माझे फोटोग्राफर मालक मला गळ्यात घालून ऐटीत मिरवायचे. गावातल्या प्रसूतिगृहात आमची रोजची फेरी असे. वजनकाट्यावर नवं बाळ, शेजारी आई, आणि बाळ पडू नये म्हणून कडेने धरलेला तिथल्या मोठ्या सिस्टरांचा हात. त्यांचा चेहरा मात्र मालक फोटोबाहेर ठेवत. गिऱ्हाइकाला बाळ हवं असे.

पुढे ते प्रसूतिगृह बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मालकांनी मला पुसूनबिसून बाहेर काढलं. माझ्या आतलं रोल पुढे ओढणारं दातेरी चाक झिजलं होतं, रोल कधीकधी निसटे. मालकांना ते ठाऊक होतं, पण दुरुस्ती ‘बघू पुढच्या महिन्यात’वर अडली होती.

मोठ्या सिस्टर कडक इस्त्रीची टोपी घालून काट्याजवळ उभ्या होत्या. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा तिथे एकही फोटो नव्हता. मालकांनाही जन्मल्यावर त्यांनीच याच काट्यावर तोललं होतं.

“लवकर आटप रे, काटा न्यायला माणसं आलीत,” त्या म्हणाल्या. “आणि हसायला सांगू नकोस, पुढचा दात पडलाय.”

मालकांनी घाईघाईत रोल भरला आणि न बघताच झाकण लावलं. रोल निसटला. मला ते पहिल्याच फोटोला कळलं. रोल सरकला की फिरणारी डावीकडची चकती जागची हलत नव्हती, मालकांनी एकदा तिकडे पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण वरचा आकडा मी इमानेइतबारे पुढे सरकवत राहिलो, थेट छत्तीसपर्यंत. मालक खूश, सिस्टर खूश. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखा झालो.

रोल धुतला तर कोरा! आठवड्याने मालक मला घेऊन तोंड पाडून सिस्टरांच्या घरी गेले. तोवर प्रसूतिगृहाला कुलूप लागलं होतं, काटाही गेला होता.

“इथं अंगणात काढतो ना,” मालक म्हणाले.

“नको रे. इथं मी नुसती आजी आहे. तिथं मी सिस्टर होते.”

मालकांनी प्रसूतिगृहातल्या जुन्या फोटोंचा गठ्ठा पुढे केला. त्या एकेक फोटो बघत राहिल्या.

“हात सगळीकडे माझाच आहे बघ,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. पडलेल्या दाताची त्यांना आठवणही राहिली नव्हती. मला मान असती तर मी खाली घातली असती.

मित्रांनो, आपल्या यंत्राची दुरुस्ती वेळेवर करा. आणि फोटो काढताना कडेला कुणाचा नुसता हात दिसला, तर दोन पावलं मागे सरा. चेहराही येऊ द्या.