ड्वाइटची शिट्टी

निघाले तेव्हा कॅन्ससच्या त्या ओढ्याकाठच्या शेतावर चांगलं ऊन होतं. वर्लिन आणि ड्वाइट वीस हिवाळे जोडीनंच कावळे मारत आले होते. एकट्यानं या ओढ्याकाठी बंदूक आणायची नाही, हा दोघांतला शब्द होता. यंदाची ही पहिलीच खेप. कावळ्यांना चिडवून खाली ओढायला कापलेल्या मक्यात प्लॅस्टिकचं घुबड उभं करून ते झुडपाआड बसले.

कावळ्यांचा थवा दिसताच ड्वाइटनं कावळ्यासारखी ओरडणारी आपली शिट्टी फुंकली. आवाज कानावर पडला मात्र, थवा उंच चढला आणि गपगुमान दुसरीकडे वळला.

"वारं फिरलं बघ," ड्वाइट म्हणाला. "उत्तरेचं सुटलंय. आज काही खरं नाही."

वारं फिरलं होतंच, बर्फही भुरभुरू लागला होता. पण वाऱ्याला भिणारा कावळा वर्लिननं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकदा ज्या आवाजानं फसवलं, त्याला हंगामभर ओळखणारे मात्र खूप पाहिले होते.

"पुन्हा फुंक," तो म्हणाला.

दुसरा थवाही तसाच वळला. मग वर्लिननं खिशातून स्वतःची घोगरी शिट्टी काढून फुंकली. तेच कावळे कलकलाट करत माघारी आले आणि थेट घुबडावर तुटून पडले.

"अरे मार की लेका, बघतोस काय!"

वर्लिननं बंदूक मांडीवरच ठेवली.

"माझी शिट्टी त्यांनी यंदा ऐकली नव्हती. तुझी किती वेळा ऐकलीय रे?"

ड्वाइटनं कॉलर वर ओढली.

"वारं जरा पडलंय, नाही?"