बाबांचं उसनं नाक

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. तिच्याही नव्हतं, पण तिला सांगणार कोण! टोचून बोलायची आणि लगेच जवळही घ्यायची. सुट्टीतल्या मोठ्या जेवणाला ती पांढऱ्या वाइनचा एकच ग्लास घ्यायची, आणि ती वाइन बाबांनीच निवडलेली लागायची. बाबांनी आयुष्यभर वाइनच्या तळघरात चव बघायचं काम केलं. बाटलीवरचं नाव ते कधी वाचत नसत. ग्लासात नाक घालायचे आणि म्हणायचे, "हीच."

यंदा आई नाही. त्यात थंडीतल्या तापानंतर बाबांना कसलाच वास येईनासा झाला. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. "पण टेबलावर तिची वाइन हवी. तू माझं नाक हो."

"माझं नाक फक्त सर्दीच्या कामाचं आहे," मी म्हटलं. पण गेले.

बाहेर इतकं धुकं होतं की गल्लीतले दिवे अधांतरी तरंगत होते. वाइनच्या दुकानात शिरलो तर आवाजही मऊ झाले. दुकानदारीणबाईंनी ग्लासात बोटभर वाइन ओतली. मी हुंगायचं, बाबांनी घोट तोंडात घोळवून बादलीत टाकायचा, असं ठरलं.

"काय येतंय?"

"लिंबू."

"ते जिभेलाही कळलं. नुसती आंबट. कोंबडीबरोबर चालेल, गोड भोपळा आला की तोंड वाकडं करेल."

दुसरीला मधाचा वास होता. बाबांनी मान हलवली. "गोडच गोड. दोन घोटांत कंटाळा. अगदी तुझी आत्या."

तिसऱ्या ग्लासात नाक घातलं आणि दुकान कुठे गेलं कोण जाणे. आमचं स्वयंपाकघर होतं. हीटरवर सफरचंदाच्या साली वाळत होत्या. आई पाठमोरी, नुकतीच न्हालेली, केस टॉवेलात. आता वळेल, मग वळेल, म्हणून मी नाक बाहेरच काढेना.

"बोल ना गं," बाबा म्हणाले.

"सफरचंदाच्या साली. ओले केस." मी ग्लास त्यांच्या हातात दिला.

बाबांनी घोट घेतला, बराच वेळ धरला, आणि या वेळी गिळला. "आंबट आहे, पण गोडीनं हात धरलाय. कोणी कोणाच्या डोक्यावर बसत नाही. अख्ख्या जेवणाला पुरेल." मग ग्लासाकडे बघत राहिले. "पण ती यात आहे का, ते मला कळत नाही."

त्या तापाचा मला असा राग आला की विचारू नका. बाटली घेऊन आम्ही धुक्यातून घरी आलो.

जेवणाच्या दिवशी माझा भाऊ ऑफिसचं पुराण लावून बसला होता. ग्लास नाकाशी नेला आणि गप्प झाला. धाकटी बहीण उगाच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. बाबा सगळ्यांचे चेहरे बघत होते, पाहुण्यांची वाट बघावी तसे.

ते माझ्याकडे झुकले. "आली?"

"आली, बाबा."

त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या कानाशी सांगायला लागले, साली, केस, टॉवेल. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"आधी टोमणा," ते पुटपुटले, "मग गोडी. आली की."