रोह्याच्या खिडकीची डावी झडप

मी एक जुनी झडप आहे. रोह्यातल्या एका भाड्याच्या घराच्या खिडकीची डावी झडप. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, झडपेला कसलं आलंय आत्मवृत्त! पण जरा ऐकून घ्या. मला मुळातच स्वस्थ बसवत नाही. वारा आला की मी आपटते, वारा नसला की बिजागरीत कुरकुरते. आणि सध्या तर जिवाला असा घोर लागलाय की बोलल्यावाचून राहवत नाही.

मी अस्सल सागाची. घरमालक त्र्यंबक सरांच्या वडिलांनी हे घर बांधलं तेव्हा सुताराने एकाच फळीतून आम्हा दोघी बहिणींना कापलं. मी डावी, ती उजवी. बहीण शांत, कडी घातली की गप्प. मी मात्र पहिल्या दिवसापासून चुळबुळी. रस्त्यावरून कोण गेलं, कुणाकडे सुक्या कोळंबीचे सोडे परतले जातायत, कुणाच्या पाहुण्यांनी किती बोजे आणलेत, सगळ्यात मला नाक खुपसायचं असे.

कौतुकही माझं फार झालं. गणपतीच्या आधी रंगाचा एक हात आमच्यावर फिरायचाच. आपल्याकडे रीतच आहे ती. मखरात गणपती बसायच्या आत घर चकचकीत दिसलं पाहिजे. जुना रंग पुरता काढायला वेळ कुणाला? पॉलिश पेपर इकडून तिकडे फिरवायचा, फडका मारायचा आणि वरून नवा ऑइलपेंट चढवायचा. आधी हिरवा, मग निळा, मग पिवळट, मग पुन्हा हिरवा. तो रंग लवकर वाळायचा आणि चमकायचाही खूप. लोक म्हणायचे, "रंग काय टिकलाय हो!" आणि मी पावसाळ्यात फुगते त्याहून जास्त फुगायचे.

पुढे त्र्यंबक सर शिक्षक म्हणून पेणला गेले, तिथेच रामवाडीत घर केलं, निवृत्तही झाले. रोह्याचं घर त्यांनी भाड्याने दिलं. भाडेकरू आले आणि गेले. रंगाचे हात बंद झाले. उन्हापावसाने माझ्या अंगाचे पोपडे निघू लागले आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. मग अनिता राहायला आली. तिचा नवरा सुजय कंपनीत शिफ्टला जातो. त्यांची लेक दिशा अजून नीट चालतही नाही. ती रांगत यायची, गज धरून उभी राहायची आणि मला ढकलायची. मी उघडले की हसायची, मिटले की हसायची. इतक्या वर्षांत माझ्याशी खेळलेलं ते एकच माणूस, मित्रांनो! माझा फार जीव जडला तिच्यावर. कधी ती कट्ट्यावर पडलेला रंगाचा पोपडा तोंडात टाकायची. अनिता धावत येऊन बोटाने काढायची आणि म्हणायची, "काय गो, काय पण खातेस!" गोष्ट तेवढ्यावर संपायची. त्यात आणखी काही असेल असं तिच्या मनात आलं नाही, आणि माझ्या तरी कुठून येणार?

यंदा गणपती तोंडावर आले तशी अनिताने सरांच्या मागे भुणभुण लावली, "काका, एकदा रंग मारून द्याच." सरांनी खांब गावच्या केरूला काम दिलं. केरूची भातशेती आहे आणि तो रंगकामाची कंत्राटंही घेतो. माणूस कामाला वाघ, पण घाईचा.

नेमका त्याच वेळी पेणला सरांच्या भाचीचा, ऋजुताचा, वर्ग होता. जुन्या घरांचं रंगकाम कुणाला अपाय न होता कसं करायचं, हे ती घरमालकांना आणि कंत्राटदारांना शिकवते. सर गेले ते शिकायला नव्हे. भाचीचा कार्यक्रम, खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत, एवढ्याचसाठी. केरूलाही त्यांनी ओढलं.

"चल रे, सर्टिफिकेट मिळतं."

"मिळतं ना? मंग चला," केरू म्हणाला.

पण हातातलं काम थांबवेल तो केरू कसला! निघताना त्याने आपल्या मेहुण्याला बजावलं, "साईराज, मी येईस्तवर मशीन लाव न सगळी लाकडं घासून ठेव. गणपती आलं जवळ. खाडा नको."

ऋजुताने एखादी जुनी, रंगवलेली वस्तू दाखवायला मागितली होती. म्हणून सरांनी रोह्याला येऊन मला बिजागरीतून उतरवलं आणि केरूच्या टेम्पोत घातलं. बहीण तिथेच राहिली. मी जन्मात पहिल्यांदा घराबाहेर पडले! कोलाड गेलं, खांब गेलं, वडखळच्या नाक्यावर गाड्यांच्या गर्दीत टेम्पो अडकला तरी मला त्याचीही मौजच वाटली. मनात म्हटलं, आता मोठ्या सभेत आपला मान होणार.

मान झालाच. ऋजुताने मला टेबलावर ठेवलं आणि एक छोटं यंत्र माझ्या अंगाला टेकवलं. यंत्रावरचा आकडा बघून तिचा चेहरा उतरला.

"मामा, हिच्या रंगात शिसं आहे. भरपूर आहे."

"शिसं?" सर हसले. "अगं, शिसपेन्सिली तर मी जन्मभर पोरांच्या हातात दिल्या."

"पेन्सिलीत शिसं नसतंच, मामा. हे खरं शिसं. पूर्वी रंग लवकर वाळावा, चमकावा म्हणून घालायचे. मोठ्यांनाही वाईट, पण लहान मुलांना फार वाईट. धुळीतून हाताला लागतं, हातातून तोंडात जातं, रक्तात उतरतं. वरून मूल धडधाकट दिसतं आणि आत त्याच्या मेंदूची वाढ खुरटते. एकदा झालेलं नुकसान मग भरून येत नाही."

मित्रांनो, ऐकलंत? ज्या रंगावर मी मिरवले तो हा असा!

ऋजुता पुढे सांगत होती. असा रंग कोरडा घासायचा नाही, मशीन तर लावायचंच नाही. आधी मुलाबाळांना घराबाहेर पाठवायचं, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरायचं, रंगावर पाणी फवारत फवारत खरवडायचं. नंतर झाडू नाही, ओला फडका. झाडूने ती बारीक धूळ नुसती उडते आणि खोलीभर पसरते.

केरू खुर्चीत ताठ झाला होता. एकदम उभाच राहिला.

"ताई, आमचा साईराज तिकडं मशीनच लावून बसलाय."

"घरात कोण आहे?"

"बारकी पोर हाय."

त्याने साईराजला फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला. मशीनच्या घरघरीत त्याला काय ऐकू जाणार! सरांनी सुजयला लावला, पण कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात. "मग अनिताला लावा ना, मामा!" ऋजुता म्हणाली. पण अनिताचा नंबर सरांकडे नव्हता. घरभाड्याचं बोलायचं ते घरच्या पुरुषाशी, अशी त्यांची पद्धत. दिवसभर घरात असते ती बाई, आणि घरमालकाकडे नंबर मात्र तिच्या नवऱ्याचा.

ऋजुताने वर्ग दुसऱ्या ताईंवर सोपवला, मला पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि आम्ही निघालो. वडखळला पुन्हा गाड्याच गाड्या. केरू हॉर्नवरचा हात उचलेना. सर दर मिनिटाला साईराजला फोन लावत होते. मी मागे पडून तळमळत होते. मला आपटायचं होतं, ओरडायचं होतं, पण चिकटपट्टीने आवळलेली झडप काय करणार? डोळ्यांपुढे सारखी दिशा येत होती. एरवी मला जग बघायची केवढी हौस! त्या दिवशी फक्त रोहा दिसावं असं झालं होतं.

पोचलो तेव्हा खिडकीतून धुरळा बाहेर येत होता. आत साईराज तोंडाला रुमाल बांधून बहिणीला घासत होता. ती बिचारी फिकी पडली होती, नुसतं लाकूड उरलं होतं. अनिता केरसुणी घेऊन पुन्हा पुन्हा झाडत होती. आणि तिच्यामागे जमिनीवर बसून दिशा त्या धुळीत बोटाने रेघोट्या मारत होती. रेघ झाली की बोट तोंडात.

केरूने प्लग खेचला.

"काय झालं?" अनिता घाबरून म्हणाली. "धूळ होते म्हणून मी तर सारखी झाडतेय."

तिचं ते बोलणं माझ्याने ऐकवेना. आपल्या लेकरासाठीच झाडत होती हो ती!

"झाडू ठेव खाली," ऋजुता हळूच म्हणाली. "पोरीला उचल आणि आधी बाहेर चल. तिचे हात-तोंड धुऊ."

अनिताला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती दिशाला पोटाशी धरून ओट्यावर बसली. सर तिच्याकडे बघू शकत नव्हते. साईराजने अंगावरचे धुळीने माखलेले कपडे तिथेच उतरवून पिशवीत बांधले. घर साफ होईपर्यंत अनिता दिशाला घेऊन माहेरी गेली. केरूने ओल्या फडक्याने, पाणी बदलत बदलत, सारं घर पुसून काढलं.

दिशाचं रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण हयगयही करू नका. धुळीपासून लांब ठेवा, खाणंपिणं नीट ठेवा, पुन्हा तपासू." हे किती दिवसांचं, किती महिन्यांचं, ते त्यांनाही नेमकं सांगता येईना.

घर स्वच्छ झालं, अनिता परत आली. मग माझा विषय निघाला. सर म्हणाले, "उजवीचा रंग गेलाच, तीही पुसून झाली. राहिली ही डावी. केरू तिला बाहेर नेऊन ओली करून खरवडेल, अगदी रीतसर. मग बसवू. बाबांनी हौसेने करून घेतलेली आहे गं."

"काका, रागावू नका," अनिता म्हणाली. "तुमच्या वडलांची आठवण हाय, मला कळतंय. पण ती उघडली की माझ्या काळजात धस्स होईल. तिथं प्लायवूड मारा."

"अगं, ऐन गणपतीत प्लायवूड? लोक काय म्हणतील?"

"म्हणूदेत. गणपती काय खिडकी बघायला येतो?"

सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग केरूला म्हणाले, "मार प्लायवूड." आणि खिशातून फोन काढून अनिताचा नंबर लिहून घेतला.

खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. ज्या पोरीशी मी खेळले तिच्याच घराला मी नकोशी झाले. पण अनिताचं चुकलं नाही. आई आहे ती.

आता मी मागच्या पडवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडले आहे. परवा शेजारच्या बाई केरूला म्हणाल्या, "सागाचं लाकूड हाय, दे की. आंघोळीचं पाणी झकास तापंल." केरू अंगावर ओरडलाच, "नाय! चुलीत घालायची नाय. धुरात पण तेच इख हाय!" माझ्या आयुष्यात माझ्या बाजूने, नाही, दिशाच्या बाजूने, कुणी इतक्या मोठ्याने बोललं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी असेल अशी एखादी झडप, एखादं दार, नाहीतर आजोबांचं कपाट. रंगावर रंग चढलेलं. तिला टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण सणाच्या घाईने तिला कोरडी घासू नका, जाळू नका. कोण रंगारी येतोय, कसा घासणार आहे, ते विचारा. आणि मशीनचं बटण दाबायच्या आधी घरातलं लेकरू कुठे आहे, ते बघा.

आज दुपारी सरांचा फोन आला होता. अनिता पडवीशी पाठमोरी उभी राहून बोलत होती. "व्हय काका, रिपोर्ट आला. उतरलंय... थोडं अजून हाय. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय." मग नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. ती रडत होती की तिला बरं वाटलं होतं, हे मला प्लॅस्टिकच्या आतून कळेना. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. पुढच्या महिन्याला अजून किती अवकाश आहे, कुणी सांगाल का मला?