ढोल्याच्या छपरावरची मगर

दोन विषयांत गचकले, तर कॉलेजने मला दर बुधवारी वाळूत खेळायला बसवलं. लहानपणी याच वाळूपायी आईचे धपाटे खाल्लेत मी! समुपदेशक बाई म्हणाल्या, ‘‘याने मन घट्ट होतं.’’ म्हटलं, झालं कल्याण.

आम्हा चौघांना मिळून वाळूची एकच पेटी. फळीवरचं एकेक खेळणं पाळीपाळीने उचलायचं आणि वाळूत मांडायचं. बोलायचं नाही. जो मांडेल त्याचं ते खेळणं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आपलं हलवायचं तर आपल्या पाळीला. तास संपला की आहे तसं ठेवून खोलीला कुलूप, ते पुढच्या बुधवारपर्यंत.

मी मगर उचलली. शेजारच्या ढोल्याने मन लावून घर मांडलं होतं. मगर थेट त्याच्या छपरावर! गडी लालबुंद झाला, पण बोलतो कसा? पुढच्या बुधवारी त्याने घर दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. माझ्या पाळीला मगरही मागोमाग त्याच्या छपरावर गेली. मग चष्मिसने मगरीपुढे इवलीशी वाटी ठेवली, लंबूने त्यात मासा टाकला. असा संताप आला! माझी मगर काय पाळलेली आहे?

पाचव्या बुधवारी माझ्या बॅगेत कॉलेज सोडायचा अर्ज होता. बाबांची सही मीच ठोकलेली. पुन्हा नापास होऊन आईसमोर उभं राहायची भीती वाटत होती, खरं सांगते. अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. माझी पाळी आली तशी मी मगर उचलली आणि फळीवर परत ठेवून दिली.

तिघं माझ्याकडे बघत राहिले. मी पंख्याकडे.

मग ढोल्याची पाळी. तो उठला, फळीवरून मगर घेतली, तिच्या शेपटीवरची वाळू फुंकली आणि स्वतःच्याच छपरावर बसवली. तोंड माझ्याकडे करून.

माझे डोळे भरून आले. पुढच्याच क्षणी लक्षात आलं, मेल्याने माझी मगर ढापली! आता नियमाने ती त्याची. ओरडायची सोय नाही, हिसकावायची सोय नाही. बाईंनी कुलूप लावलं.

बाहेर पडल्या पडल्या मी त्याला गाठलं. ‘‘मगर परत कधी देणार?’’

‘‘बुधवारी बघू,’’ तो म्हणाला. ‘‘येशील ना?’’

‘‘येणार म्हणजे? माझी मगर आहे ती!’’