शेठचं लंघन

शेठ उलटा झाला तो एका साध्यासुध्या सकाळी, घरात डब्यांची घाई चालली असताना. पाहिलं ते घरातल्या लहानग्या मुंगीने. तोंडातला घास गालात सरकवून ती म्हणाली, "आई, शेठ पोट वर करून झोपलाय."

शेठ म्हणजे सोनेरी मासा. पोट सुटलेलं, चाल डुलत डुलत, आणि समोर कुणी आलं की तोंडाची उघडझाप करून सारखं काहीतरी मागायचं, म्हणून मुंगीच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या सासऱ्यांनी, त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली होती. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर त्यांनी आपलं टेबल घरी आणून खिडकीशी लावलं आणि त्याच्या एका कडेला शेठची काचेची पेटी मांडली. रोज दुपारी ते काम बाजूला सारायचे. ज्या चिमट्याने घड्याळातली बारीक चाकं उचलायची, त्याच चिमट्याने काचेवर दोनदा टकटक करायचे. शेठ कोपऱ्यात यायचा. मग चिमट्यात एकेक दाणा धरून ते त्याला भरवायचे, मुंगीला मांडीवर घेऊन, अगदी सावकाश.

आता टेबल होतं, चिमटा होता, डोळ्याला लावायचं भिंग होतं. सासरे हिवाळ्यात गेले.

"मरणार का तो?" मुंगीने विचारलं.

उत्तर तिच्या आईच्या ओठांवर आलंच होतं. काही होत नाही गं, होईल बरा. तिने ते गिळलं. हेच वाक्य तिने दवाखान्याच्या जिन्यात मुंगीला कडेवर घेऊन सांगितलं होतं. आजोबा बरे होऊन घरी येणार, आईचं प्रॉमिस. तेव्हापासून मुंगी आईचं काही म्हणजे काही खरं मानत नसे. दूध गरम नाहीये म्हटलं तरी आधी बोट बुडवून बघायची. बाबा आले म्हटलं तरी दारापर्यंत जाऊन खात्री करायची. रुसलेली नव्हती, चिडलेली नव्हती, फक्त तपासून घ्यायची. आणि तेच आईच्या फार जिव्हारी लागायचं. रुसवा काढता तरी येतो.

"आधी त्याला झालंय काय ते बघू," ती म्हणाली.

एका हातात फोन आणि डोळ्याला सासऱ्यांचं भिंग लावून तिने शेठची तपासणी आरंभली. दारात बूट घालत नवरा म्हणाला, "मला ताप आला तेव्हा नुसता कपाळाला हात लावलास. भिंग वगैरे काही नव्हतं."

"तू उलटा झाला असतास तर लावलं असतं."

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? नाहीत. पर झिजलेत, फाटलेत? नाहीत. कल्ले लालसर, निरोगी. खवले वर उठून मासा फुलल्यासारखा दिसला तर आशा फार नसते, असं फोनवर लिहिलं होतं, म्हणून ते तिने श्वास रोखून पाहिलं. खवले अंगाला नीट चिकटलेले होते. पोट मात्र गच्च, चेंडूसारखं, आणि मागे विष्ठेचा एक पांढुरका लांब दोरा लोंबत होता. म्हणजे हा साथीचा आजार नव्हता. शेठचं पोट तुडुंब भरून तुंबलं होतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो पाण्यात सरळ राहतो. तीच दाबली गेली की बिचाऱ्याला वर-खाली काही कळेनासं होतं.

हायसं वाटून ती उठणार, तेवढ्यात भिंगातून तिची नजर शेठच्या डोळ्यावर पडली. त्या काळ्या गोलात खिडकी होती, तिचं स्वतःचं डोकं होतं, आणि खांद्यामागे टेबलावरचा दिवा लागलेला होता.

ती वळली. दिवा बंद होता. बंदच असणार. सासरे गेल्यावर त्यातला बल्ब काढून नवऱ्याने स्वयंपाकघरात लावला होता.

काचेवर ऊन पडलं असेल, असं तिने मनाला सांगितलं, आणि मुंगीची वेणी घालायला गेली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर तिने विषय काढला. "शेठला मी रोज सकाळी खायला घालते. आणखी कोण घालतं?"

नवऱ्याने ताटात बघत भाताचा गोळा केला. "मी. निघताना. बाबांचं टेबल दिसलं की पाय निघत नाही गं. मग चार दाणे टाकतो."

"आणि आई, तुम्ही?"

सासूबाई पाणी प्यायल्या. "मी दुपारी. त्यांच्या वेळेला. मला वाटलं, कुणीच घालत नसेल."

मग नवरा म्हणाला, "आणि हा लबाड तिघांकडेही उपाशी असल्यासारखा तोंड करून यायचा." सासूबाई आधी हसल्या. मग सगळेच हसले, कितीतरी महिन्यांनी, आणि हसता हसता सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. प्रत्येकाने आपलं दुःख दुसऱ्यापासून लपवून त्या एवढ्याशा जिवाच्या पोटात नेऊन ठेवलं होतं.

"लंघन," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं औषध नाही."

फोनचंही तेच मत होतं. तिने एक पसरट टब धुऊन टेबलावर पेटीशेजारी मांडला आणि त्यात साठवणीतलं शिळं पाणी ओतलं, उथळच, म्हणजे शेठला वर-खाली फार झगडावं लागू नये. एक हात पेटीत आणि एक टबात घालून दोन्ही पाणी सारखंच कोमट आहे ना ते पाहिलं. औषधाच्या दुकानातून आणलेलं एप्सम सॉल्ट, म्हणजे पोट मोकळं करणारं मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडं थोडं सोडलं. मग शेठला जाळीने न उचलता ओंजळीत धरून अलगद आत ठेवलं. खाण्याचा डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, आणि किल्ली तिने गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"त्याला उपाशी ठेवायचं?" मुंगीने विचारलं.

"हो. पोट रिकामं झालं की मग उकडलेला वाटाणा, साल काढून."

"मग बरा होईल?"

"बहुतेक. नक्की नाही सांगता येत."

मुंगीने आईकडे बराच वेळ पाहिलं. दुधात बोट बुडवून थांबावं तसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई कामावरून आली तर शेठचं पोट आदल्या दिवसापेक्षाही टणक झालं होतं. टबाच्या पांढऱ्या तळाशी त्याच्या खाण्यातला एक लाल दाणा पडलेला होता.

"आई, तुम्हाला राहवलं नाही का?" तिने शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "किल्ली तुझ्या गळ्यात आहे, सूनबाई. मी काय दाणे पदराला बांधून ठेवलेत?"

कुलूप जसंच्या तसं होतं. डबाही. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी सकाळी तिकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर घातलं असतं."

तिने पुढच्या दिवशी रजा टाकली. दुपारी ती, सासूबाई आणि मुंगी अशा तिघी टेबलासमोर जमिनीवर वाटाणे सोलत बसल्या. ऊन खिडकीतून उतरून सासऱ्यांच्या खुर्चीवर आलं होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. शेंगा फुटण्याचा तेवढा आवाज.

टक. टक.

पेटीच्या काचेवर. त्याच कोपऱ्यात.

तिने सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते, एकात शेंग. मुंगीचे हात ताटात होते.

टबात शेठने अंग उचललं. वाकडातिकडा होत, एका पराने पाणी कापत तो पेटीच्या बाजूला आला आणि तोंड वर केलं. पाण्यावर काहीही नव्हतं. तरी त्याने घास घेतला. चघळला. मासे करतात तसा एक लाल दाणा तोंडातून बाहेर सोडला आणि पुन्हा आत ओढला.

मुंगीला उचलून पळावं म्हणून आईने हात पुढे केला. मुंगी घाबरली नव्हती. ती आईकडे बघत होती, आता आई काय सांगते म्हणून.

सासूबाईंनी शेंग हळूच ताटात ठेवली. "आपण तिघांनी एकमेकांना विचारलं," त्या पुटपुटल्या. "त्यांना कुणी विचारलंच नाही."

टक. टक.

शेठने पुन्हा तोंड उघडलं. त्याचं पोट पाण्याबाहेर आलं होतं, ताणलेलं, चकचकीत.

ती उठली. सासऱ्यांशी चढ्या आवाजात ती कधी बोलली नव्हती. "बाबा," ती कशीबशी म्हणाली, "त्याला घालू नका."

टक. टक.

"उजवीकडून बोल," सासूबाई मागून म्हणाल्या. "डावा कान गेला होता ना त्यांचा."

ती खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेली. तिथे घड्याळाच्या तेलाचा वास होता, बारीक आणि ताजा. खुर्चीच्या पाठीच्या वर, जिथे त्यांचा कान असायचा, तिथपर्यंत ती वाकली.

"बाबा, शेठचं पोट बिघडलंय. आम्ही तिघांनीही खूप घातलं, चूक आमची आहे. पण आता एक दाणाही नको. तुम्ही भरवत राहिलात तर तो जाईल. मग मी मुंगीला काय सांगू?"

खोलीत काहीच हललं नाही. उन्हात धुळीचे कण तरंगत होते, आणि खुर्चीच्या वर एवढ्याशा जागेत ते तरंगत नव्हते. मग तेही तरंगायला लागले. टेबलाचा खण, जो थोडासा उघडाच राहायचा, हलकेच आत सरकून बंद झाला. रोजचं काम संपल्यावर सासरे तो मनगटाने लोटायचे तसा.

टेबलावर भिंग होतं. चिमटा नव्हता.

त्या दुपारनंतर टकटक झाली नाही. शेठने उपास काढला. टबातलं पाणी रोज बदललं, सासूबाई नेमाने येऊन "काय शेठ, उतरलं का?" म्हणून चौकशी करायच्या. पोट खरंच उतरलं. वाटाण्याचा पहिला तुकडा त्याने दोनदा थुंकला, तिसऱ्यांदा खाल्ला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंगी उठून आली तेव्हा तो पोट खाली, पाठ वर, असा शहाण्यासारखा उभा होता. त्याला पुन्हा पेटीत सोडलं. खण उघडून बघायचं मात्र कुणीच नाव काढलं नाही.

दुपारी शेठ आपणहून त्या कोपऱ्यात आला आणि थांबला. तोंड न उघडता. वर, खुर्चीच्या दिशेने बघत. आईने भिंग हातात घेतलं, त्याच्या डोळ्याशी नेलं, आणि न बघताच परत ठेवलं.

"आजोबा गेले का आता?" मुंगीने विचारलं.

"मला माहीत नाही."

"परत येतील?"

"तेही माहीत नाही, मुंगे."

मुंगी विचारात पडली. तिने खुर्चीकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, मग आईकडे.

"दूध घे," आई म्हणाली. "गरम नाहीये."

मुंगीने पेला दोन्ही हातांत धरला आणि बोट न बुडवता तोंडाला लावला.