जावयाच्या मापाचा फेटा

पार्सल उघडलं तेव्हा स्वानंदीला आधी वाटलं, सत्यजितकाकांनी बाबांचा फेटा आठवण म्हणून पाठवला असेल. पण फेटा कोरा होता, आयता बांधलेला, आणि त्याच्या पोटात चिठ्ठी होती : 'जावईबापूंनी कळवलेल्या मापाप्रमाणे.' खाली तिच्यासाठी हिरवा शालू आणि ओटीचा खण.

डोक्याचं माप काही आपल्या पायांनी कोळंबगडला चालत जात नाही. टेप घेऊन मोजावं लागतं, व्हॉट्सॲपवर टाकावं लागतं. सुमंतने ते तीन आठवड्यांपूर्वी टाकलं होतं. या तीन आठवड्यांत हा गृहस्थ बायकोशी गॅरेजच्या दारापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळ्या विषयांवर बोलला होता, फक्त एवढं सोडून.

कोळंबगड संस्थान म्हणजे जेमतेम अकरा गावांचं. राजेपण सरकारने कधीच काढून घेतलं. उरली होती एक गादी, एक तलवार आणि दसऱ्याची पूजा. मनोहरराजांना स्वानंदी एकुलती एक. जाण्यापूर्वी त्यांनी भाऊबंदांसमोर लिहून दिलं होतं, माझ्यामागे गादी मुलीची. घराण्याचा रिवाज असा, की वर्षश्राद्धानंतरच्या पहिल्या दसऱ्याला ज्याच्या नावाने संकल्प होतो, गादीच्या वहीत त्याचंच नाव चढतं. मग ते पुसता येत नाही. बाबांचं वर्षश्राद्ध उरकलं, दसरा आला, आणि स्वानंदीला अमेरिकेत परतायला लागणाऱ्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी अपॉइंटमेंट मिळेना. म्हणून पूजा व्हिडिओ कॉलवर ठरली. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, इकडे ओहायोतल्या डब्लिनमध्ये सकाळचे आठ.

"मला सांगावंसं वाटलं नाही तुला?" फेटा टेबलावर ठेवत तिने विचारलं.

"अगं, काकांचा फोन आला होता. बाईच्या नावाने संकल्प होत नाही म्हणाले. टेक्निकॅलिटी आहे यार. मी बसतो, तू शेजारी बस. गादी घरातच राहते, सगळे हॅपी."

"आणि मी कोण?"

"राणीसाहेब," सुमंत हसून म्हणाला. "टायटल काय वाईट आहे?"

स्वानंदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई अडतीस वर्षं राणीसाहेब होती. म्हणजे काय होती? दर दसऱ्याला नवऱ्याच्या हाताला चार बोटं लावून बसत होती. पाणी तो सोडणार, मंत्र तो म्हणणार, नाव त्याचं लागणार. हिने हात लावला की हिचीही पूजा झाली असं समजायचं. बाबा गेले आणि ते पदही त्यांच्याबरोबर चितेवर गेलं. परवापर्यंत जिच्यापुढे माणसं वाकत होती, ती आई आता पूजेच्या वेळी दाराबाहेर बसते. नवऱ्याच्या जिवावरचं पद असंच असतं. तेच आता बापाच्या घरात, बापाने हाताने दिलेल्या गादीशेजारी, स्वानंदीच्या पदरात टाकत होते. काकांचा हिशेबही साधा होता. सात समुद्रांपलीकडे बसलेला, कधीही न येणारा राजा कुणाला नको असतो? नाव जावयाचं, कारभार काकांचा.

"संकल्प मी करणार," ती म्हणाली. "हात तू लावायचा. माझ्या हाताला."

सुमंतने खांदे उडवले. "ओके. पण नऊला माझी मीटिंग आहे, त्याच्या आत आटप."

आठ वाजता लॅपटॉपवर गादी दिसली. झेंडूच्या माळा, शेजारी गुरुजी, मागे काका आणि पंधरा-वीस भाऊबंद. स्वानंदी साध्या सुती साडीत किचनच्या टेबलाशी बसली होती. समोर तामण, हातात पळी, खांद्यामागे सुमंत.

"सुमंतराजे, उजव्या हातावर पाणी घ्या," गुरुजी म्हणाले. "राणीसाहेब, त्यांच्या हाताला हात लावा."

"संकल्प मी करते आहे, गुरुजी."

तिकडे कुजबुज झाली. काका पुढे सरकले. "स्वानंदी, हट्ट करू नकोस. शास्त्रात बसत नाही."

"बाबांनी लिहून दिलेलं शास्त्रात बसतं की नाही, ते तेव्हाच विचारायचं होतं. साक्षीच्या सह्या तुमच्याच आहेत, काका."

काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागे पाहत त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

वीस माणसं श्वास रोखून सुमंतच्या तोंडाकडे बघत राहिली. गादी कुणाची, हे नागपूरच्या देशमुखांचा मुलगा ओहायोतून ठरवणार होता. स्वानंदी थांबली. त्याने फक्त 'मला का विचारता' एवढं म्हणावं, अशी तिची इच्छा होती. तीन शब्द.

सुमंत घसा खाकरून म्हणाला, "करू दे तिला. माझी काही हरकत नाही."

आणि गुरुजी लगेच आचमनाला लागले. जे बापाच्या सहीने होत नव्हतं, ते नवऱ्याच्या हरकत नसण्याने चुटकीसरशी झालं. सुमंतने तिच्या मनगटाला बोटं लावली.

"मोठं मन लागतं हो याला," काका म्हणाले.

"असा नवरा मिळायला भाग्य लागतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तसं काही नाही, काका," सुमंत संकोचून हसला. "तिला बरं वाटतं ना, बस."

"हात काढ," स्वानंदी म्हणाली.

"अगं, आता तर..."

"हात काढ, सुमंत."

त्याने बोटं उचलली. "जोडीशिवाय..." गुरुजी अडखळले, पण तोवर तिने बाबांचं गोत्र आणि स्वतःचं नाव स्वच्छ आवाजात उच्चारलं होतं आणि तळहातावरचं पाणी तामणात सोडलंही होतं.

"वहीत लिहा, गुरुजी," ती म्हणाली. "स्वानंदी मनोहरराजे. मागे सौ. लावू नका."

गुरुजींनी काकांकडे पाहिलं, काकांनी सुमंतकडे. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, एवढा, की सुमंत पडद्यावर दिसेनासा झाला.

"तिकडे नाही," ती म्हणाली. "इकडे बघून लिहा."