गच्चीवर गार पडलेला बंब

मित्रांनो, जिना चढून गच्चीवर आलात, की टाकीशेजारी धुळीनं माखलेल्या काचेच्या नळ्या दिसतील. तो मीच, या घराचा जुना सोलर बंब.

मला इथे आप्पांनी बसवलं. ते वीज कार्यालयात लाइनमन होते. थंडीत सकाळी सहा वाजले, की गल्लीत घरोघरी गिझर लागत, दिवे मिणमिणत आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडे. मग आप्पा कुडकुडत शिडी घेऊन धावत. शेवटी ते बायकोला, माईंना म्हणाले, "निदान आपल्या घराचा भार तरी कमी करू."

मी दिवसभर ऊन पिऊन घेई आणि रात्रभर पाणी कढत राखी. सकाळी माई बादलीत बोट बुडवून म्हणत, "अगंबाई, चटकाच बसला!" मला धन्य वाटे. आप्पा दर रविवारी माझ्या नळ्या पुसत. आमचं पाहून गल्लीतल्या बऱ्याच घरांनी सोलर बसवले. पुढचे कित्येक हिवाळे फ्यूज उडाला नाही.

मग आप्पांचे गुडघे गेले आणि गच्ची सुटली. माझ्यावर धूळ बसली, आत क्षार साचले, पाणी कोमट येऊ लागलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "कोण बघत बसणार याच्याकडे? गिझर लावू. एका घरानं काय फरक पडतो?" आप्पा गप्प राहिले. शेजारचे सोलरही असेच एकेक करून बंद पडले.

गेल्या हिवाळ्यात माईंची फुप्फुसं थकली. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं, विजेवर चालणारं. एका कडाक्याच्या सकाळी सगळे गिझर एकदम लागले. आमचाही लागला. कोपऱ्यावर मोठा आवाज झाला आणि गल्ली अंधारली. खालून आप्पांची हाक आली, "अरे, यंत्र बंद पडलं! गाडी बोलवा!"

गाडी माईंना दवाखान्यात घेऊन गेली. माई परत आल्या नाहीत.

आठवड्यानं आप्पा कठडा धरून, दर पायरीला थांबत वर आले. मागून मुलगा आला. खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, आपल्या गिझरमुळे झालं का हो?"

"एकट्या आपल्या नाही रे," आप्पा म्हणाले. "एका घरानं काय फरक पडतो, असं सगळ्यांनाच वाटलं. मीही तेव्हा बोललो नाही."

मुलानं शर्टाच्या बाहीनं माझी एक नळी पुसली. ती केव्हाच तडकली होती.

मित्रांनो, तुमच्या गच्चीवर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्याकडे अधूनमधून जात जा. आमच्या घरी आप्पा आता गार पाण्यानंच अंघोळ करतात. गिझर लावू का विचारलं, की मानेनंच नको म्हणतात.